मनीषाची हाक

फोन तोंडासमोर आडवा धरू नकोस, हे विरुपाक्ष सरांनी मनीषाला सकाळपासून तिसऱ्यांदा सांगितलं. मेंढरांच्या बाजारात लोक असा फोन धरतात. हा नौबादच्या कॉलेजचा हॉल होता. जिल्हाभरातल्या शाळा रोबोटच्या स्पर्धेला आल्या होत्या, शहरातली मुलं एकसारखे टी-शर्ट घालून फिरत होती, आणि निर्णा गावची ही पोर मात्र अजून निर्ण्यातच उभी होती.

"व्हय गुर्जी," मनीषा म्हणाली आणि फोन तसाच धरून राहिली.

हे गुर्जीसुद्धा सरांना सोसवत नसे. गुर्जी म्हणजे धोतर नेसलेला, तपकीर ओढणारा म्हातारा. सरांनी बी.एड. केलं होतं, तेही कलबुर्गीत राहून. सगळी शाळा त्यांना सरच म्हणायची. रोबोटची टीम तेवढी गुर्जीवर अडून बसली होती.

खरं तर टीम सरांनीच काढलेली. म्हणजे फॉर्मवर सही त्यांची, फलकावर नाव त्यांचं आणि पेपरातल्या फोटोत मधोमध उभे तेच. उरलेलं किरकोळ काम, म्हणजे रोबोट बनवण्याचं, मनीषा आणि शिवराज या दहावीतल्या दोघांनी शाळेच्या अडगळीच्या खोलीत केलं. रोबोट म्हणजे चार चाकांवरचा पत्र्याचा डबा. दोघं त्याला गाडी म्हणत आणि ती मनीषाच्या फोनवरून चालवत.

त्या खोलीत सर दोन महिन्यांत एकदाच गेले. दोघं उठून उभी राहिली, एका सुरात "नमस्ते सर" म्हणाली, आणि तेवढ्यात टेबलावरची गाडी चालत जाऊन धाडकन खाली पडली. सर पोट धरून हसले. हे बंगळूरला जायलंय व्हय, असं विचारून ते चहाला निघून गेले. पुढे आठवडाभर स्टाफरूमला हा किस्सा पुरला. गुर्जीचं खूळ त्याच सुमाराला सुरू झालं.

जिंकणाऱ्या टीमला बंगळूरची फेरी होती. शिवाय मुलांना याच कॉलेजात पीयूसी सायन्सची, म्हणजे अकरावी-बारावीची, फुकट जागा, हॉस्टेलसकट. मनीषाच्या वडिलांनी, मल्लेशनं, घरी स्पष्टच सांगितलं होतं की जागा मिळाली तर शीक, नाही तर दहावी झाली की बस्स. हे सरांच्या कानावर होतं, पण त्यात त्यांना विशेष काही वाटलं नव्हतं. ही सायन्स घेऊन करणार काय? त्यांना स्वतःला बंगळूर हवं होतं, विधानसौधासमोरच्या फोटोसाठी.

परीक्षक श्रीदेवी मॅडमनी नियम आधी कन्नडमध्ये आणि मग हिंदीत वाचून दाखवले. तुरीची छोटी पिशवी गाडीवर ठेवायची, मांडलेल्या विटांमधून वाट काढायची, तीन मिनिटांत पांढरी रेघ ओलांडायची. विटांभोवती बांधलेल्या दोरीच्या आत मोठ्या माणसाचा पाय पडला की टीम बाद. सर तेव्हा मोबाइलच्या काचेत भांग नीट करत होते. नियम पोरांसाठी असतात, असं त्यांचं मत होतं.

निर्ण्याची पाळी शेवटी आली. तोवर शहरातल्या एकाही शाळेला रेघ गाठता आली नव्हती.

गाडी निघाली. मनीषा फोनशी काहीबाही पुटपुटत होती. देवाचं नाव घेत असेल, सरांनी नाक मुरडलं. गाडी वळली, थांबली, परत निघाली. आणि त्या पुटपुटण्यातून एक शब्द स्पष्ट ऐकू आला.

"सर."

विरुपाक्ष सरांनी मान ताठ केली. थोड्या वेळानं पुन्हा, "सर." शेवटी आलं म्हणायचं वळण. चार मोठी माणसं पाहिली की असल्या पोरांनाही आपल्या मास्तरची किंमत कळते. पण किती वेळा? एक वीट मागे पडली की सर, दुसरी मागे पडली की सर. सरांनी तिच्याकडे मुद्दाम लक्ष दिलं नाही. मी नसतो तर ही पोरं बसस्टँडवरच चुकली असती, असं त्यांनी शेजारच्या मास्तरांना ऐकवलं.

शेवटची वीटही मागे पडली. हॉल उठून उभा राहिला. टाळ्या, शिट्ट्या, बाकं बडवणं, कोणाचं कोणाला ऐकू येईना. आणि रेघ हातभर राहिली असताना गाडी थांबली. मिनिटभर वेळ बाकी होता.

"सर," मनीषा म्हणाली. मग जोरात म्हणाली. मग फोन ओठांना लावून, गळ्याच्या शिरा ताणून ओरडायला लागली, "सर, सर, सर."

विरुपाक्ष सरांनी उसासा टाकला. दोन महिने हुशारी मिरवली आणि शेवटी आपल्याच दारात आली. त्यांनी शर्टाची बाही वर केली, दोरी ओलांडली आणि गाडी उचलायला ते वाकले.

श्रीदेवी मॅडमची शिट्टी वाजली. त्यांनी हातातल्या कागदावर काट मारली. निर्णा बाद.

हॉल एकदम चिडीचूप झाला. शिवराज मटकन खाली बसला. मनीषा रडलीसुद्धा नाही. फोन तोंडासमोर आडवा धरून ती सरांकडे बघत राहिली.

त्या बघण्यानं सर भडकले.

"आता बघायलीस काय? एवढ्या लोकांत तूच बोलावलीस न्हवं? कामून बोलावलीस मग?"

"तुमाला न्हाई बोलावलं, गुर्जी." तिचा आवाज अगदी हळू होता, पण हॉलमध्ये आता दुसरा आवाजच नव्हता. "तुमाला म्या कवा म्हनलं सर?"

त्यांच्या पायाशी गाडी घरघरली, हातभर पुढे सरली आणि रेघ ओलांडून थांबली.