पाच स्वयंपाकी

दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्यानं काय काय केलं, त्याच्या फोटोंचं प्रदर्शन गावात लागलं आणि वृद्धाश्रमातले पाच माजी सैनिक तेव्हा स्वयंपाकी होते असं निघालं. परिचारिका स्वांत्येला हायसं वाटलं, कारण त्या पाचांत तिचे आजोबा होते.

रविवारी आश्रमाची स्वयंपाकीण आजारी पडली. पाचही जण शिस्तीत स्वयंपाकघरात शिरले. पाच मिनिटांत हुद्दे ठरले, पाळ्या लागल्या, बटाटेसुद्धा उंचीप्रमाणे रांगेत उभे राहिले. तासाभरानं आजोबांनी स्वांत्येला हळूच विचारलं, "पोरी, उकडायचे म्हणजे पाणी घालायचं ना गं?"

स्वांत्येनं त्यांच्या हातातलं कोरडं पातेलं काढून घेतलं.

तेवढ्यात आश्रमातला सहावा माजी सैनिक, एबरविन, आत आला. शाळेतल्या मुलांसमोर त्यानं 'मी माणसं मारली' असं सरळ सांगून टाकलं होतं, तेव्हापासून त्याच्याशी कुणी बोलत नसे. त्यानं पाणी चढवलं, चाकूला धार लावली आणि चाळीस माणसांचा कोबी बघता बघता चिरला.

"एबरविनआजोबा, कुठं शिकलात हे?"

"सैन्यात. स्वयंपाकी होतो."

"मग ती माणसं...?"

"एका सकाळी गोळ्या घालायला हात कमी पडले," एबरविन म्हणाला. "स्वयंपाकघरातलेही नेले."

चौघांना एकदम कामं आठवली आणि ते निघून गेले. आजोबांनी मात्र खुर्ची ओढली आणि एक बटाटा सोलायला घेतला.

"सोलता सोलता सांगतो," ते खाली बघत म्हणाले. "बस पोरी."