फणसआळीची हरकत

गोदाकाकू बोलायला उभ्या राहिल्या, तसा नगरपरिषदेच्या सभागृहात माइक घेऊन निघालेला शिपाई अर्ध्या वाटेतून मागे फिरला. त्यांना माइक कशाला? सगळी नोकरी रत्नागिरीच्या एसटी स्टँडवर गाड्या पुकारण्यात गेलेली. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, पण आवाज जागचा हलला नव्हता.

"आमच्या आळीला शांतता हवी," काकू गरजल्या. बाहेर दाखल्यांसाठी ताटकळलेली माणसं दारात येऊन उभी राहिली.

प्रकरण तसं साधं होतं. नव्या विकास आराखड्यात फणसआळी रहिवासी पट्ट्यातून काढून व्यापारी पट्ट्यात टाकायचं घाटत होतं. मागणी विनोद साळवीची. विनोद बिल्डर, आणि आळीच्या तोंडावरचा मोकळा प्लॉट त्याचा. खाली दुकानं, वर हॉटेल असं कॉम्प्लेक्स त्याला तिथे उभं करायचं होतं. एकदा आळी व्यापारी झाली की गाड्या येणार, भोंगे येणार, सांडपाणी विहिरींत उतरणार. प्लॉटला लागून काकूंचंच घर. नवरा गेल्यापासून त्या तिथे एकट्याच राहत.

नोटीस वाचली त्याच दिवशी काकूंनी आळीच्या ग्रुपवर आपल्या आवाजात मेसेज सोडला होता. आळीतली बरीचशी घरं कुलपात. माणसं मुंबई, ठाणे, पनवेलला पांगलेली. गणपतीला यायची, पण गणपती दीड दिवसाचा आणि माणसंही तेवढ्याच मुदतीची. या वेळी मात्र भलतंच झालं. पहिला आला शेजारचा सुहास. बोरिवलीहून बायको दर्शना हिला घेऊन आला, कुलपात तेल सोडलं आणि दार उघडलं. त्याचं बघून बाकीचे हलले. कुणी रजा टाकली, कुणी घरून काम करायची परवानगी काढली. बघता बघता आळी माणसांनी भरून गेली.

मग काय विचारता! रोज संध्याकाळी काकूंच्या पडवीत बैठक. पाण्यावर कोण बोलणार, रस्त्यावर कोण, यावरून जुंपायची. दर्शना हरकतीचा मसुदा वाचून दाखवायची आणि प्रत्येक ओळीला तिघांना तीन नवे शब्द सुचायचे. आंब्याच्या फांदीवरून वर्षानुवर्षं न बोलणारी दोन घरं विनोदच्या नावाने बोटं मोडताना एक झाली. काकू घावणे घालून दमत नव्हत्या. त्यांचा गुडघा दुखायचा राहिला. पेटीतल्या ठेवणीतल्या साड्या बाहेर आल्या. सकाळी डोळा उघडला की आज कोण कोण येणार याच विचाराने त्या ताडकन उठून बसत. काकूंच्या अंगात लढ्याचं वारं शिरलंय, असं आळी कौतुकाने म्हणायची. काकूंनाही तसंच वाटत होतं.

आणि आज सुनावणीत ते वारं सुटलं होतं. काकूंनी विहिरी सांगितल्या, रस्त्याचं अरुंद वळण सांगितलं, म्हाताऱ्या माणसांची झोप सांगितली. विनोदच्या वकिलाने तोंड उघडलं की मागून सगळी आळी एका सुरात हरकत घ्यायची. समितीने शेवटी हात टेकले. फणसआळी रहिवासीच ठेवण्याची शिफारस करू, असं अध्यक्षांनी जागच्या जागी सांगून टाकलं. सुहासने काकूंना उचलायचंच काय ते बाकी ठेवलं. आळीत फटाके वाजले, पेढे वाटले. काकूंच्या अंगणात कोंबडीवड्यांची पंगत बसली आणि इतकी हसली, इतकी ओरडली, की पलीकडच्या आळीतून माणसं बघायला आली. काकूंचा आनंद गगनात मावत नव्हता.

दुसऱ्या दिवशी बॅगा भरल्या गेल्या. रजा संपल्या होत्या. काकूंनी प्रत्येकाला कुळथाचं पीठ बांधून दिलं. निघताना सुहास पाया पडला.

"काकू, आता निवांत राहा. तुम्ही आळीची शांतता राखलीत."

रिक्षा एकेक करून वळणावरून गेल्या. काकू पडवीत येऊन बसल्या. आतल्या खोलीतला फ्रिज चालू झाला तो त्यांना पडवीत ऐकू आला. बंद झाला तोही ऐकू आला. समोरच्या दारांवर कुलपं होती, बाजूच्या दारांवर कुलपं होती. एवढं भांडून मिळवलेला विजय अंगावर यायला लागला. काकूंना एकदम रडू फुटलं. आपण जिंकायला नको होतं, असं त्यांना अगदी स्पष्ट वाटलं, आणि त्या वाटण्याने त्या स्वतःच दचकल्या.

मग त्यांनी डोळे पुसले. चांगली साडी नेसली, रिक्षा केली आणि थेट विनोदचं ऑफिस गाठलं. जिना चढताना छाती कशी धडधडत होती, अगदी सुनावणीला निघताना धडधडली होती तशी.

विनोद हात जोडून उठला. काकू कालचं उरलंसुरलं ऐकवायला आल्या, अशीच त्याची समजूत झाली.

"विन्या, परत अर्ज कर," काकू खुर्ची ओढून म्हणाल्या.

म्हणजे तुमचा विरोध मिटला का, असं विनोदने चाचरत विचारलं.

"मिटतोय कसला? अर्ज तू कर, हरकत मी घेत्ये. तुला काय मी तिथे वीट रचू द्यायची नाही." काकू पुढे वाकल्या, आणि तो स्टँडवरचा आवाज एकदम खाली आला. "फक्त या खेपेला सुनावणी मे महिन्यात लागेल असं बघ रे. पोरांना शाळा नसते."