ओली सीट
“कुणाला पटायचं न्हाई, पण सीट मीच भिजवली!” वडापच्या भरल्या जीपमध्ये खंडूआबा ओरडले, तशी शेजारी बसलेल्या सुनेनं, गौतमीनं, पदर पुढं ओढला. तिचा नववा महिना सरत आल्यावर पोट खाली उतरलं, श्वास मोकळा झाला. पण लघवी आवरेना. दौंडच्या दवाखान्याकडं जाताना वरवंडजवळ खड्ड्यात जीप आदळली आन् सगळं साडीतून सीटवर आलं. समोरच्यांनी नाकाला रुमाल लावले, एकजण बाहेर थुंकला. गौतमीला स्वतःच्याच अंगाची शिसारी आली; कोमट ओलीत ती अंग चोरून बसली. एरवी सुनेशी न बोलणारे आबा मात्र रंगले होते. “निमोण्याच्या उसात बिबट्या रातभर माझ्या मांडीवर डोकं ठिवून घोरला. तवापासून गाडी हलली की सुटतंच बघा!” जीपभर हशा पिकला. कोपऱ्यातली म्हातारी वाकून बघत म्हणाली, “आबा, धोतर तर कोरडं हाय की तुमचं!”