विहीणबाईंची गाडी

"बसनं ये गं आई, सासरचे हसतील," असं लेकीनं तीनदा बजावलं होतं. तरी दुपारी फाटकाशी मोटारसायकल थांबलीच. हेल्मेटमधून साठीची आई निघाली; कपाळावर लाल वळ, भुवयांत धूळ. "चारशे किलोमीटर एकटी आलीस?" बाळाला सावरत लेक कुजबुजली. "मग? बस मला कुणी चालवू दिली असती का?" आई हसली, पण नातवाला घेईना. "थांब जरा, हँडल धरून धरून हात अजून थरथरताहेत." तेवढ्यात आतून सासूबाईंचा आवाज आला, "विहीणबाई आल्या का गं? बसमध्ये जागा मिळाली ना?" आईनं चटकन हेल्मेट पाठीमागे लपवलं आणि 'हो म्हण' असं खुणावलं. लेकीला स्वतःचीच लाज वाटली. आईच्या हातातलं हेल्मेट ओढून घेत ती अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्यानं ओरडली, "गाडीवर आलीय माझी आई, एकटी! बघायला या!"