सांत्वनाची भेट

आई सकाळीच गेली होती. पण मंत्र्यांच्या पत्नीच्या डोळ्यांतून पाण्याचे टिपूसही आले नव्हते. माहेरच्या अरुंद खोलीत भिंतीला टेकून ती रस्त्यावरच्या प्रत्येक गाडीचा आवाज ऐकत होती.

"वन्सं, रडून घ्या हो. असं आत साठवू नका," भावजय म्हणाली.

"हे येऊ देत, वहिनी. त्यांच्यासमोरच रडेन."

"आज तरी दाजी वेळेवर येतील ना? नाहीतर तुमचं रडणंही पुढच्या दौऱ्यावर ढकलायचे!" एवढ्या दुःखातही भावजयीला टोमणा आवरला नाही.

मतदारसंघात दिवसभर घरोघरी सांत्वनाच्या भेटी देत ते संध्याकाळी पोहोचले. कार्यकर्ते दारातच थांबले, कोणीतरी पंखा त्यांच्याकडे वळवला. ते तिच्यासमोर बसले, तिचा हात त्यांनी आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि सवयीने डोळे मिटले. आता रडायला म्हणून तिने मान त्यांच्या खांद्याकडे झुकवली.

 

"धीर धरा, ताई," ते हळुवारपणे म्हणाले, "काही लागलं तर आमच्या कार्यालयात फोन करा."