स्वच्छ अंगठा

शेजारच्यांनी घराच्या बक्षीसपत्रावर साक्षीदार म्हणून मला बोलावलं. आजोबांचं घर त्यांच्या मुलाच्या नावावर होणार होतं. अंथरुणाला खिळलेल्या आजोबांच्या खोलीत शिरले आणि कुबट वासाने पदर नाकाला लावला. मी देवाचं नाव घेत बसले.

"अंगठ्यावरचा मळ काढा आधी, ठसा उमटणार नाही," वकील म्हणाले.

सूनबाईंनी लगबगीने बादलीभर कोमट पाणी आणलं. "बाबांना तळहातावरच्या फोडासारखं जपतो हो आम्ही!" मुलाने साबण लावून अंगठा चोळून धुतला, मऊ टॉवेलने टिपला. ठसा लख्ख उमटला.

"स्वखुशीने देताय ना, आजोबा? काही सांगायचंय?" वकिलांनी विचारलं.

आजोबा मुलाकडे बघून हळूच म्हणाले,



"पाणी कोमट आहे तोवर बाकीचं अंगही पुसतोस का रे? पंधरा दिवस झाले."