राहीबाईचं नाव सगळ्यात वर

हिराने दहाची नोट पुढे धरली होती आणि राहीबाई काही केल्या ती घेत नव्हती.

“घ्या की वो. बाजाराला आलेच हुते, म्हनून हातानंच द्यायला आले. मनीआर्डरचं कमिशन वाचलं,” हिरा म्हणाली.

राहीबाईने दाराची कडी घट्ट धरली. “कुठून आलात तुमी?”

“घिवलीवरनं.”

सुकी मासळी घेऊन वाणगावला येणं हिराचं नेहमीचंच होतं. पण स्टेशनामागच्या या घराशी ती आज पहिल्यांदा आली होती. आणलं होतं तिला एका पत्राने. सफाळ्याच्या मावसबहिणीने धाडलेलं ते पत्र. त्यात सहा जणांची नावं आणि पत्ते होते. सगळ्यात वरच्या नावाला दहा रुपये पाठवायचे, ते नाव खोडायचं, तळाला आपलं घालायचं आणि तसंच पत्र पाच ओळखीच्यांना धाडायचं. आपलं नाव चढत चढत वर पोचलं, की घरबसल्या हजारो रुपये. शेजारच्या वत्सलाने ते वाचून दाखवलं तेव्हा दोघी हसल्या होत्या. मग शेवटची ओळ आली आणि हिराचं हसू मावळलं. साखळी मोडेल त्याच्या घरची होडी दर्यातून परत येणार नाही, असं तिथे लिहिलं होतं.

तिचा नवरा नवशा त्या दिवशी समुद्रातच होता. त्याच्या होडीचं शीड दिसेपर्यंत हिरा किनाऱ्यावरून हलली नाही. मग रोजच तसं व्हायला लागलं. वारा जरा वाढला की हातातलं काम टाकून ती किनाऱ्याकडे धावायची. नवशाला सांगायचीही सोय नव्हती. त्याने कागद फाडला असता आणि दुसऱ्या दिवशी हसत हसत होडी लोटली असती. शेवटी जाळ्याच्या सुतासाठी बाजूला ठेवलेली नोट तिने कमरेला खोचली. वत्सलाने पाच पत्रं लिहून दिली. ती ज्यांना धाडायची त्या पाचही जणी मासळी विकणाऱ्या, हिराच्याच बरोबरीच्या.

सगळ्यात वरची राहीबाई आता मोठ्या घरात राहत असेल, अशी हिराची समजूत होती. समोर होतं ते कुडाचं घर. अर्ध्या छपरावर नवी कौलं, अर्ध्यावर जुना पेंढा.

“नको मला,” राहीबाई म्हणाली. “परत न्या ते.”

हिरा घाबरली. “असं नका करू वो. तुमी घेतले नाय तर साखळी मोडंल. माजा मानूस दर्यात हाय!”

तिचा आवाज फुटला. इतक्या दिवसांचं साठलेलं रडं एकदम बाहेर आलं आणि थांबेना.

राहीबाईने कडी सोडली. मग तिने हिराचा हात धरला, तिला आत नेलं आणि पाटावर बसवलं.

“होडीची ती ओळ मी घातलीय,” ती म्हणाली.

हिराला काही उमगलं नाही.

“मला आलेल्या कागदात होडी नव्हती. साखळी मोडेल त्याचा बैल मरेल, असं हुतं. आमचा एकच बैल. मी पन घाबरले, पैसे धाडले. मग पुढची पत्रं लिवायला बसले. त्यातली दोन तुमच्या किनाऱ्याला जायची हुती. म्हटलं, कोळ्यांना बैलाचं काय भ्या? आनि भ्या वाटलं नाय तर पैसे कोन धाडील? म्हनून होडी लिवली. ह्याच हातानं.”

“पन दर्या?” हिराने विचारलं.

“दर्याला काय कागद वाचता येतो, बाई?”

हिराने मोठा श्वास सोडला. कित्येक दिवसांत तिला असा श्वास घेता आला नव्हता. पदराने डोळे पुसता पुसता ती हसायलाच लागली.

“मग पैसे आले ते तुमाला?”

“आले. वर कौलं दिसली ना? मग यायचे थांबले. आता ज्याला पत्र धाडावं त्याच्याकडं आदीच पत्र. पैसा कुठं पिकत नाय गं. खालच्याच्या कमरेचा वरच्याच्या हातात येतो, इतकंच. सगळ्यात खाली राहील त्याला कोन देनार?”

हिराने टोपलीत हात घातला. वत्सलाने लिहिलेली पाच पत्रं तळाशी होती. वरच्या पत्रावर लाडकीचं नाव होतं. लाडकीच्या नवऱ्याचा पाय मोडला होता आणि तिच्या घरी आज चूल पेटली असेल की नाही, हेही हिराला ठाऊक नव्हतं. तिने पाचही पत्रं राहीबाईच्या हातात दिली.

राहीबाईने ती चुलीत घातली आणि वर चहाचं आधण ठेवलं. कागद भुरुभुरु जळून गेले. पाणी कोमटसुद्धा झालं नाही, म्हणून तिने वर दोन काटक्या सारल्या.

चहा पिऊन हिरा उठली. नोट पुन्हा कमरेला गेली. टोपलीत उरलेले सगळे बोंबील तिने राहीबाईच्या सुपात ओतले. राहीबाई नको नको म्हणत होती, पण हिराने ऐकलं नाही.

“तुमचे उपकार कसे फेडू?” दारात वळून ती म्हणाली. “नोट घेतली असती तर मी खुशीनं घरी गेले असते. मला काय बी कळलं नसतं.”

“उपकार तुजे हायत, बाई,” राहीबाई म्हणाली. “आजवर सगळे पैसे पोस्टमननं आनून दिले. ते कुनाचे हुते, ते तू दारात आलीस तवा कळलं.”